देव्हाऱ्यातला वजीर

गौरजा एकदा गावदेवी सातेरीला नवस बोलली होती. नवसात बायका ओटी ठेवतात, चांदीचा डोळा ठेवतात, कोणी आवडीचं खाणं सोडतात. गौरजाने मला ठेवलं.

मी वजीर. बुद्धिबळाच्या पटावरचा, लाल लाखेचा, मधल्या बोटाएवढा. देव्हाऱ्यात मला जागा मिळाली ती अन्नपूर्णेच्या डाव्या अंगाला, शंखाच्या मागे. रोज सकाळी देवांबरोबर मलाही गंध लागायचं, वर तुळशीचं पान. लाकडाच्या तुकड्याला आणखी काय हवं, असं तुम्ही म्हणाल. पण खरं सांगू का, इतकं परकं मला आयुष्यात कुठेच वाटलं नव्हतं. कारण देव्हाऱ्यासमोरच्या खाटेवर, ज्याचा मी होतो तो माणूस पडलेला होता. तो माझ्याकडे टक लावून बघायचा, आणि त्याला 'दे' एवढंसुद्धा म्हणता येत नव्हतं.

हे सगळं कसं झालं ते सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म सावंतवाडीचा. चितारआळीतल्या एका कारागिराने मला चरकावर धरून घडवलं, मी गरगर फिरत असतानाच लाखेची कांडी टेकवली आणि केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणली. आम्ही निम्मे लाल, निम्मे हिरवे. दुकानात लाकडी आंबे-केळ्यांच्या परडीशेजारी बरेच दिवस बसून होतो. मग एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. तिला फळांची परडी हवी होती, त्याला आम्ही. दोघांची थोडी कुजबुज झाली. परडी दुकानात राहिली, आम्ही पिशवीत गेलो.

तो सुदेश, ती गौरजा. घर मालवणला, वायरीच्या बाजूला, रात्रंदिवस समुद्राची गाज ऐकू येणारं. सुदेश मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत कामाला होता. त्याच्या पेटीत कपड्यांच्या घडीत गुंडाळून मी कुठल्या कुठल्या बंदरांना जाऊन आलो. नावं मला माहीत नाहीत, वास तेवढे आठवतात. सुदेशची एक सवय होती. चाल करण्याआधी तो मला अंगठा आणि तर्जनीत धरून हळूहळू फिरवायचा. त्या फिरवण्याने माझ्या कमरेची लाख झिजली आणि खालचं लाकूड दिसू लागलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. देवाच्या पायाजवळचा दगड नाही का झिजत?

सुट्टीवर घरी आला की पडवीत दाजींबरोबर डाव मांडायचा. दाजी म्हणजे शेजारी, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, बोलण्याला ब्रेक नसलेले. ते घाईघाईने आपला हिरवा वजीर बाहेर काढायचे आणि सुदेश हसायचा.

"दाजीनू, वजीर म्हणजे बायलेचो राग. येळ इल्याशिवाय भायर काढूचो नाय."

"आयकलंय हां!" आतून गौरजाचा आवाज.

तिला आमच्यातलं काही कळत नव्हतं. आमच्यावरची धूळ पुसायची, आम्हाला डब्यात भरायची, एवढंच. तिचं जग सोमवार, संकष्टी, एकादशी असं चालायचं. तिच्या उपासांवर घरात थट्टा व्हायची. सुदेश म्हणायचा, "तुझ्या देवांका जरा सुट्टी दी गो. तेंका पण मालवण बघूचा आसात." ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास करायची.

नोकरी संपवून सुदेश कायमचा घरी आला. आता रोज डाव, असं मला वाटलं. एक शिमगा असाच आनंदात गेला. दुसऱ्या शिमग्याला पालखी घरोघर फिरत अंगणात आली, सुदेश खांदा द्यायला उठला आणि उभ्या उभ्या उजवीकडे कलंडला.

इस्पितळातून परत आला तेव्हा उजवा हात, उजवा पाय गेला होता. आणि बोलणं गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं गौरजाने घरी येऊन दाजींना सांगितलं, ते मी डब्यातून ऐकलं. त्यांना सगळं कळतंय, फक्त शब्द तोंडापर्यंत पोचत नाहीत. सहा-सात महिन्यांत यायचं ते बरंचसं येतं. पुढे कठीण होत जातं. बोलतं ठेवा, जीव रमेल असं काहीतरी समोर ठेवा.

"सात म्हयने म्हणजे दसरो," गौरजा म्हणाली. तिचं पंचांग लगेच हिशेब करतं.

त्या दिवशी तिने मासे सोडले. मालवणात मासे सोडणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल. ती बाजाराच्या वाटेनेसुद्धा जाईना.

खाट देव्हाऱ्याच्या खोलीत आणली, सकाळ-संध्याकाळ देव दिसावेत म्हणून. गौरजा त्याच्या तोंडासमोर बसून म्हणायची, "अ म्हणा. आ म्हणा." सुदेश डोळे मिटून घ्यायचा. इंजिन हाताळलेल्या माणसाला बालवाडीत बसवल्यासारखं वाटत असावं. दिवसेंदिवस तो आढ्याकडे बघत राहायचा, मग तोंड भिंतीकडे वळवून घ्यायचा. भरवलं तर गिळायचा. ठाण्याहून मुलगी, नम्रता, मोबाइलवर दिसायची, "बाबा, बाबा" म्हणायची. तो डोळे मिटायचा.

पाऊस लागल्यावर एक दिवस दाजींनी आमचा डबा उघडला आणि खाटेजवळ स्टुलावर पट मांडला. सुदेशने मान वळवली. किती दिवसांनी! डावा हात चादरीखालून सरकत आला आणि त्याने मला उचललं. फिरवता येईना, नुसतं धरलं. दारात उभ्या असलेल्या गौरजाने पदर तोंडात कोंबला.

पण ते चार दिवसही टिकलं नाही. दाजी मुद्दाम चुका करायचे. हत्ती फुकट द्यायचे, वर "अरेच्या, गेलो की!" म्हणून कपाळ बडवायचे. सुदेशने दोन डाव सोसलं. तिसऱ्या डावात, तो जिंकत असतानाच, त्याने आपला राजा बोटाने आडवा केला, म्हणजे डाव सोडला, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

दाजी पडवीत येऊन बसले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता.

"वैनी, माझ्याच्यान ह्या होवचा नाय. खरो खेळलंय तर आजारी माणसाक हरवल्याचा पाप. मुद्दाम हरलंय तर तो माका ओळखता."

"मगे आता काय करूचा?"

"मगे तुमी खेळा. तुमका मुद्दाम हरूची गरजच नाय."

बोलले ते थट्टेत. पण बुडणाऱ्याला थट्टा कळत नाही. गौरजा म्हणाली, "शिकवा माका."

"तुमका?"

"माकाच. हत्ती खंयचो ता सांगा. एकाक पण सोंड दिसणा नाय."

अशी ती शिकू लागली. दुपारची भांडी झाली की पडवीत दाजींच्या समोर बसायची. हत्ती सरळ जातो, बागेतल्या माडांच्या ओळीसारखा. उंट तिरका, ठिपक्यांच्या रांगोळीतल्या रेघेसारखा. घोडा काही केल्या तिच्या डोक्यात बसेना. "अडीच घर, वैनी, अडीच!" "अर्धा घर खंय दिसता हेच्यात, दाजी? माका तर सगळी पुरीच दिसतत." नम्रताने मोबाइलवर खेळ घालून दिला होता, तो तिने एकदाच उघडला. तो इतक्या झटकन मात करायचा की ती वैतागून म्हणाली, "हो मेलो श्वास पण घेवक देणा नाय."

मग संध्याकाळी खाटेजवळ डाव. गॅसवर पेजेचं आधण ठेवून ती खेळायला बसायची आणि पाणी उकळायच्या आत तिचा राजा मेलेला असायचा. सुदेश डाव्या हाताने दोन-चार चाली करायचा, जिंकायचा आणि कंटाळून डोळे मिटायचा. ती खरीखुरी हरायची, दाजी म्हणाले तसंच. पण एवढ्या सोप्या जिंकण्याने कुणाचा जीव रमतो?

हे तिलाही उमगलं. एक दिवस पट मांडताना ती पुटपुटली, "आज पेज उकळासर टिकूचा. बस." त्या दिवशी ती टिकली. आतून पेज उतू गेल्याचा वास आला तरी उठली नाही. गॅसवर सगळा सांडमांड, आणि हिच्या तोंडावर हसू.

असंच चाललं असतं तर किती बरं झालं असतं. पण तिचं मन पटावर कुठे होतं? ते दसऱ्यावर होतं. ती प्रत्येक डाव एक मोठी आशा बांधून खेळायची. ह्या संकष्टीला ते आपलं नाव घेतील. नागपंचमीला घेतील. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन आली आणि पट मांडायच्या आधी त्याच्या ओठांकडे बघत बसली. ओठ हलले नाहीत. प्रत्येक तिथी अशी रिकामी गेली की दुसऱ्या दिवशी ती आणखी वाईट खेळायची. चतुर्थीला गणपती आले, आरत्या झाल्या. सगळे "मंगलमूर्ती मोरया" म्हणून ओरडले तेव्हा ती त्याच्याकडेच बघत होती. गणपती गेले. सुदेशच्या तोंडून आवाज नाही.

त्यानंतर तिने पट मांडलाच नाही. "कित्याक शिकूचा?" ती दाजींना म्हणाली. "मी हत्ती ओळखलंय म्हणान तेंका शब्द थोडेच येतले?" दाजी चप्पल घालून गेले. आम्ही डब्यात पडून राहिलो. मागल्या दारी भांडी घासताना ती तांब्या दगडावर उगाच आपटत राहायची. त्या आवाजाखालचं रडू डब्यापर्यंत यायचं.

आणि मग तो नवस. एका शुक्रवारी दिवेलागणीला तिने डबा उघडला, मला काढून देव्हाऱ्यासमोर धरलं.

"आई सातेरी, मासे सोडलंय, तुका पुरले नाय. आता हेंका जीवापरास प्यारी वस्तू तुझ्या पायाकडे ठेयतंय. तेंच्या तोंडातून एक शब्द काढ. तोसर हो वजीर तुझो."

आवडतं ते द्यायचं असतं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. तिचा भाव खोटा नव्हता. मी तिच्या तळहातावर होतो, तो घामाने भिजलेला होता.

दुसऱ्या दिवशी तिने मोठ्या उमेदीने पट मांडला. माझ्या घरात सुपारी ठेवली. "देवाच्या पूजेत सुपारीक गणपती म्हणतो मा आपण? तसो हो वजीर समजा."

सुदेशने सुपारीकडे पाहिलं. मग पटभर नजर फिरवली, डब्यात पाहिलं. मग देव्हाऱ्यात, शंखामागे मी दिसलो. डावा हात उठला आणि एका फटक्यात अख्खा पट स्टुलावरून खाली गेला. एक घोडा खाटेखाली, सुपारी उंबऱ्यापर्यंत.

रात्री त्याने पेज घेतली नाही. ओठ घट्ट मिटून घेतले. दुसऱ्या दिवशीही तेच, चमचा पुढे केला की मान फिरवायचा. गौरजा विनवायची, रडायची, शेवटी पाया पडली. मोठ्या मुश्किलीने दोन घोट पाणी. सर्वपित्री जवळ आलेली, सुदेशचे गाल बसलेले. मी देव्हाऱ्यात गंध लावून बसलेला. माझ्या आसपासचे देव मुके, समोरचा माणूस मुका, आणि मीही मुका. एवढ्या मुक्यांमध्ये ती एकटी बाई बोलत होती.

शेवटी नवस पावेल का, असा कौल घ्यायला ती देवळात गेली. गुरवाने देवीच्या अंगावर पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उन्हं वर येईपर्यंत ती हात जोडून उभी होती. एकही पाकळी पडली नाही.

घरी आली तेव्हा सुभद्रा आलेली होती. सुभद्रा म्हणजे सुदेशची थोरली बहीण, दोन घरं सोडून राहणारी. तिच्या जिभेला गाव भितो. गौरजाने देवळातलं सांगितलं, नवसाचंही सांगितलं. सुभद्राने आधी देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"नवसात ठेयलंस ती वस्तू कोणाची गो?"

"तेंची."

"तेका इचारलंस?"

"वन्सं, तेंका बोलाक खंय येता?"

"बोलाक येणा नाय म्हणान इचारूचा पण नाय?" सुभद्राचा आवाज चढला. "आधी बांगडो सोडलंस. उपास तुझो, पण घरात माशाचो वास नाय तो तेका. आता तेचो वजीर सोडलंस. हात गेलो, पाय गेलो, तोंड गेला. माझ्या भावाकडे आणखी काय उरला सोडूक, ता तरी सांग!"

गौरजा मटकन खाली बसली. सुभद्राला आपलंच बोलणं जास्त झालं असं वाटलं असावं. ती उठून आत गेली आणि भांड्यांशी खाटखूट करत राहिली.

मग गौरजा उठली. हात धुतले. देवीला नमस्कार करून तिने मला शंखामागून काढलं, पदराने माझं गंध पुसलं आणि खाटेजवळ जाऊन मला सुदेशच्या डाव्या हातात ठेवलं.

"तुमची वस्तू. मी तुमका इचारूक होया होता. चुकलंय."

सुदेशची बोटं मिटली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, पण मला सोडलं नाही. त्या दुपारी सुभद्राने आपल्या घरून बांगड्याचं तिखलं आणलं आणि काटे काढून भावाला भरवलं. त्याने खाल्लं.

संध्याकाळी गौरजा देवीपुढे उभी राहिली. मी सुदेशच्या मुठीत होतो, तिथून ऐकलं.

"आई, आजपासून हेंच्याबद्दल काय मागणा नाय. तेंचो शब्द काय माझ्या हातातलो नाय. माझा सांगतंय तेवढा आयक. रोज एक डाव मांडतलंय. रोज एक गोष्ट नीट करीन, माझ्याकडसून होयत तेवढीच. आणि मुद्दाम हरूचंय नाय, मुद्दाम सोडूचंय नाय. झाला."

नवस तो फेडायचा असतो, मागणं पुरं झाल्यावर. हा नेम होता. तो रोजचा रोज फिटायचा.

दुसऱ्या दिवशी पट मांडला. ती म्हणाली, "आजची माझी गोष्ट: घोडो फुकट जावचो नाय." सुदेश भिंतीकडे. ती दोन्हीकडून एकटीच खेळली. त्याच्या चालीची वेळ आली की विचारायची, "हय ठेवू?" आणि उत्तराची वाट बघून ठेवायची. घोडा फुकट गेला. "उद्या," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तो भिंतीकडेच होता. घोडा त्या दिवशी वाचला. तिसरी गोष्ट: राजाला वेळेत कोपऱ्यात न्यायचं. दाजी पुन्हा येऊ लागले. ते पाठीमागे उभे राहून मान हलवायचे आणि तोंडावर हात दाबून धरायचे, कारण बोलायचं नाही अशी तिने ताकीद दिली होती.

तिला वाईट वाटत नव्हतं असं समजू नका. नवरात्र बसलं, नऊ दिवस संपले आणि दसरा आला. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपली. आपट्याची पानं तिने सुदेशच्या उशाशी ठेवली. त्या दिवशी तिने पट मांडला तेव्हा तिच्या डोळ्यांत काहीही नव्हतं, आशासुद्धा नाही. मी भल्याभल्या खेळाडूंचे डोळे पाहिलेत. हरलेल्या डावातही चाल करत राहणारा मी तिच्या आधी पाहिला नव्हता. फक्त नेम होता म्हणून ती बसली.

त्या दिवशी सुदेशच्या बाजूने खेळताना तिने मला उचललं आणि सरळ हिरव्या हत्तीच्या तोंडात नेऊन ठेवलं. मुद्दाम नव्हे हो. तिला खरंच दिसलं नव्हतं.

भिंतीकडची मान वळली. सुदेशने पट पाहिला, त्याच्या कपाळाला आठी पडली. डावा हात आला, त्याने मला उचललं आणि होतो तिथे परत ठेवलं. मग थांबून, जरा विचार करून, उंट पुढे केला.

"ह्याका म्हणतत चाल!" दाजी पाठीमागून ओरडले. ताकीद कुठल्या कुठे गेली.

गौरजाने वर पाहिलं नाही. आपली चाल केली. प्यादं तिच्या हातून दोनदा पडलं.

त्यानंतर रोज डाव होऊ लागला. सुदेश जिंकायचा, ती हरायची, पण आता पेज उकळून, निवून जाईपर्यंत डाव चालायचा. तिची रोजची एक गोष्ट ठरलेली. कधी जमायची, कधी नाही. बोलणं काही येत नव्हतं. नोव्हेंबरात डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते म्हणाले, हात असाच राहील, मनाची तयारी ठेवा. ती घरी आली आणि ठरलेल्या वेळी पट मांडला.

तुळशीच्या लग्नाच्या आधीची एक संध्याकाळ. सुदेश जिंकत होता, म्हणून थोडा निष्काळजी झाला होता. मला त्याने मधोमध आणलं. त्याने फिरवून ठेवलं असतं तर त्याला दिसलं असतं, पण डाव्या हाताने फिरवता येत नाही ना. गौरजाचा हिरवा घोडा कोपऱ्यात उभा होता. ती बघत राहिली. माझ्याकडे बघितलं, घोड्याकडे बघितलं, ओठांत अडीच घरं मोजली. तिला दिसलं!

आणि ती थबकली. आजारी माणसाचा वजीर. त्याचा जीव की प्राण. एकदा आपण तो हिसकावून घेतला होता, आता परत? तिचा हात घोड्यावर गेला, मागे आला. सुदेशची नजर तिच्या हातावर होती. सोडून दिलं असतं तर त्याला कळलं असतं, दाजींचं कळलं होतं तसं. तिने डोळे मिटून क्षणभर काहीतरी पुटपुटलं, घोडा उचलला आणि मला पटावरून उडवलं.

"आवशीक खाव!"

स्पष्ट. मोठ्याने. खोलीभर. सुदेशच्या तोंडून.

सगळं थांबलं. सुदेश स्वतःच दचकला होता. मागल्या दारी तुळशीवृंदावन सारवणारी सुभद्रा शेणाच्या हातांनीच धावत आली. "कोण बोललो? कोण बोललो गो?"

गौरजाने सुदेशकडे बोट दाखवलं. ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. ज्या एका शब्दासाठी तिने तिथ्या मोजल्या, मासे सोडले, तो आला तो असा, शिवी होऊन. सुभद्रा भावाजवळ बसली, शेणाचा हात त्याच्या डोक्यावर ठेवणार तो मागे घेतला. "पुन्ना म्हण रे," ती म्हणाली. "मेल्या, पुन्ना म्हण. माका दी शिवी." पण पुन्हा काही शब्द आला नाही. सुदेश ओठ हलवत राहिला, घामाघूम झाला, मग डोळ्यांतून पाणी आलं.

हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. त्यानंतर कित्येक दिवस पुन्हा सामसूम होती. आम्हाला सगळ्यांना वाटलं, तेवढंच होतं, ते संपलं. गौरजाच्या चेहऱ्यावर पुन्हा ती जुनी काळोखी आली. ती एकदा दाजींना म्हणाली, "येवकच नको होता एका परीन. एकदा आयकल्यावर आता गप ऱ्हवणा जड जाता." पण पट मांडायची ती चुकली नाही, आणि दिवा लावल्यावर देवीला दिवसाचा हिशेब सांगायची चुकली नाही. आज घोडो वाचवलंय, आई. उंट गेलो. आज राजा येळेवर कोपऱ्यात घातलंय. मागणं नाही, गाऱ्हाणं नाही, फक्त सांगणं.

परवा तिने असाच दिवा लावला, हात जोडले आणि म्हणाली, "आई, आज मी बरी खेळलंय."

पाठीमागून खाटेवरून आवाज आला, "नाय."

तिने वळून पाहिलं. सुदेश पटाकडे बोट दाखवत होता, तिचा फसलेला हत्ती. "नाय," तो पुन्हा म्हणाला.

आता मी म्हातारा झालोय. माझ्या डोक्यावरचा मुकुट जरा तुटलाय, गौरजाच्या घोड्याने मला उडवलं तेव्हाचा. कमरेची लाख पार गेली. सुदेशचा उजवा हात तसाच आहे. शब्द बोटावर मोजण्याइतके, आणि ते हवे तेव्हा येत नाहीत. उद्याचं कुणाला माहीत? मी पटावरचा, मला फक्त समोरची चाल दिसते.

तुम्हीही काहीतरी शिकायला घेतलं असेल आणि मन खचलं असेल. किंवा घरात कुणासाठी जीव टांगणीला लागला असेल. लाकडाचा तुकडा म्हणा, देवभोळा म्हणा, पण माझं एवढं ऐका. मोठा नवस बोलायच्या आधी गौरजासारखा एक लहानसा नेम धरा, फक्त आपल्या हातातला, आजच्या आज फिटेल असा. दिवेलागणीला देवापुढे उभे राहाल तेव्हा आज काय जमलं, काय फसलं, तेवढं मोठ्याने सांगा. देव तर ऐकतोच. शेजारच्या खाटेवर कुणी पडलेलं असेल, तर तेही ऐकत असतं.